मी नाही म्हणत, म्हण म्हणते

गेल्या दिवाळीनंतर मी सायकल घेतली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पण पुण्यात फूटपाथवर चालायचं तर आधी फूटपाथ शोधावा लागतो. त्यापेक्षा सायकल बरी. वापरलेली, गिअरवाली, चार हजारांना मिळाली. विकणारा मुलगा म्हणाला, "काका, अगदी कमी चालवलेली आहे." या वाक्यात केवढं भविष्य दडलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

सायकल आली म्हणजे काम संपलं अशी माझी समजूत होती. मग हेल्मेट आलं. हातमोजे आले. पुढचा दिवा, मागचा दिवा, कुलूप, पंप, पाण्याची बाटली, ती अडकवायची खुंटी, गॉगल आणि बूट आले. आणि जिच्या आत गादी शिवलेली असते अशी एक चड्डीही आली.

आत्या तेव्हा गुडघे दाखवायला वाईहून आमच्याकडे आली होती. ती हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती. तिनं एकेक खोकं उघडताना पाहिलं, गादीची चड्डी हातात घेऊन दाबून पाहिली, आणि मेथीच्या जुडीकडे बघत म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात वर केला. "मी नाही हो म्हणत. म्हण म्हणते."

रात्री मी गुपचूप पावत्या जुळवल्या. सायकल चार हजार. बाकीचं सामान बरोब्बर बारा हजार. एवढा चोख हिशेब माझ्या सीएनंही कधी लावलेला नाही.

त्या रात्री पहिल्यांदाच मी या म्हणीकडे नीट पाहिलं. चार आणे आणि बारा आणे मिळून होतात सोळा, म्हणजे अख्खा रुपया. म्हण करणाऱ्यानं आकडे उगाच घेतलेले नाहीत, रुपया मोडलाय आणि हातात दमडी उरलेली नाही. आणे 1957 साली दशमान नाणी आली तेव्हाच हिशेबातून गेले. तरी पंचवीस पैशांना आपण चार आणेच म्हणत राहिलो. 2011 साली सरकारनं ते नाणंही चलनातून काढलं. बाजारात आज चार आण्याला कोंबडीचं पीसही मिळत नाही. म्हणीतली कोंबडी मात्र त्याच भावाला आहे, आणि मसालाही महागलेला नाही.

आत्याकडे अशा म्हणींचा साठा अफाट आहे. पण माझं कुतूहल साठ्याबद्दल नव्हतं, ती तो कसा वापरते याबद्दल होतं. शाळेत आपल्याला शिकवलं की म्हण म्हणजे पूर्वजांच्या अनुभवाचं सार, शहाणपणाचा अर्क वगैरे. आत्याला पूर्वजांचा अनुभव वाटायचा असतो असं मला कधी दिसलं नाही. तिला बोलायचं असतं, आणि बोलल्याचा आळ नको असतो.

उदाहरणार्थ फ्रिज. एका सकाळी तिनं आमचा फ्रिज उघडला. आत सात डबे होते. एकात दोन चमचे उसळ, एकात अर्धी वाटी आमटी, एकात कशाचं तरी काहीतरी. मागे ओट्याशी बायको उभी होती. आत्या वळली ती माझ्या मुलीकडे, आणि तिला म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या. लक्षात ठेव हो, परीक्षेत येईल."

यालाच लेकी बोले सुने लागे म्हणतात. ही म्हण मला बाकी सगळ्या म्हणींची वापरपुस्तिका वाटते. बोलायचं एकीला, लागायचं दुसरीला. आणि गंमत अशी की म्हणीला उत्तर द्यायचं तर ती आपल्याला लागली हे आधी कबूल करावं लागतं. मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारी माझी बायको क्षणभर गप्प झाली. मग पुढे आली, फ्रिजचं दार हलकेच लावलं आणि म्हणाली, "आत्या, दृष्टीआड सृष्टी."

आत्या खूश झाली. बरोबरीचा खेळाडू मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

हे कसब आलं कुठून? आत्या एकोणिसाव्या वर्षी वाईजवळच्या एका वाड्यात सून म्हणून गेली. घरात सतरा माणसं, ही चौथी सून. सासऱ्यांपुढे उभं राहून तिनं सबंध आयुष्यात एक सरळ वाक्य उच्चारलं नाही. तरी तिची मतं वाड्यातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होती. ते कसं, हे तिनंच मला सांगितलं.

"मामंजी ओसरीवर बसून पाहुण्यांना घराण्याचा मोठेपणा सांगायचे. आत चहाला साखर नसायची. मग मी केर काढताना वर आढ्याकडे बघून म्हणायचे, बडा घर, पोकळ वासा."

"आणि ऐकलं कोणी तर?"

"ऐकायलाच तर म्हणायचे. सासूबाई एकदा आल्या धावत, कोणाला म्हणालीस म्हणून. म्हटलं, वाशाला. वाळवी लागली होती रे, खरंच पोकळ झाला होता. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला."

"आणि साखर?"

"साखर पुढच्या आठवड्यात आली."

पूर्वजांचं शहाणपण ते हेच असावं. एका वाक्यात वासाही दुरुस्त होतो आणि साखरही येते.

म्हणींचा दुसरा स्वभाव असा की त्या वेळेवर कधीच येत नाहीत. सावध करायला आलेली म्हण मी अजून पाहिलेली नाही. सगळं आटोपलं की ती निवांत दारात येऊन उभी राहते. आमच्या सोसायटीत डिसेंबरात तळमजल्यावरच्या नळांच्या चार पितळी तोट्या चोरीला गेल्या. तातडीची सभा झाली आणि सीसीटीव्ही बसवायचं ठरलं. गुडघ्यांमुळे आत्याला खुर्ची दिली होती, आणि खुर्ची मिळाली की माणसाला मत फुटतं. ती म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला."

आमचे चेअरमन एकदम तापले. "आजी, तुम्ही पाहुण्या आहात, पण हे बरोबर नाही. कमिटीतलं कोणीही झोपलेलं नव्हतं."

सभेत शांतता पसरली. मग आत्यानं समजावलं की झोपा म्हणजे झोप नव्हे. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल निघून गेल्यावर गोठ्याला दार लावलं, एवढंच. चेअरमन विचारात पडले. पन्नाशी ओलांडलेला मराठी माणूस, जन्मभर ही म्हण वापरलेला, आणि इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर एक बैल निघून जात होता आणि मालक घोरत होता. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. मी फक्त उभा राहून बोललो नव्हतो, म्हणून वाचलो. सेक्रेटरी मात्र सगळं मन लावून लिहून घेत होते. पुढच्या महिन्यात सभेचं इतिवृत्त आलं, त्यात ठराव क्रमांक तीन असा होता: "इमारतीच्या दोन्ही प्रवेशद्वारांवर झोपा बसवण्याचे सर्वानुमते ठरले."

हा गोंधळ एकट्या चेअरमनांचा नाही. म्हणी जिवंत आहेत आणि त्यांच्यातलं सामान वारलंय. माझी मुलगी आठवीत आहे. तिला आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार हे समजवायला बसलो. आड म्हणजे विहीर. पोहरा म्हणजे दोर बांधून विहिरीत सोडायचं भांडं. ती म्हणाली, "मग पंप का नाही लावला?" मी विषय बदलून सुंभाकडे वळलो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सुंभ म्हणजे दोर. "कशाचा?" काथ्याचा. "काथ्या म्हणजे?" नारळाच्या शेंड्या. "आणि तो जाळायचा का?" इथे माझा पीळ सुटला. काखेत कळसा म्हणावं तर कळसा म्हणजे देवळाचा कळस, असा तिचा ठाम समज. गावाला वळसा घालताना माणसानं काखेत देवळाचा कळस का मारावा, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कळसा ही पाणी भरायची घागर, हे मी सांगितलं; पण तिला देवळाचा कळस अधिक आवडला होता. गोष्ट म्हणून तो बराही आहे.

तिच्या सहामाहीच्या पेपरात म्हणींचे अर्थ विचारले होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, याचा अर्थ तिनं लिहिला, "झोपण्यापूर्वी अंथरूण स्वच्छ आहे का ते पाहावे." बाईंनी अर्धा गुण दिला. बहुधा आरोग्याच्या दृष्टीनं. उंटावरून शेळ्या हाकणे याचा अर्थ होता, "राजस्थानातील लोकांचा एक व्यवसाय." इथे शून्य. मला तो शून्य अन्यायाचा वाटला. ज्या कंपनीत मी काम करतो तिथे सातव्या मजल्यावर बसून हा व्यवसाय चांगला चालतो. फक्त राजस्थान चुकलं.

मग मीच एक उद्योग काढला. म्हणी तपासून बघायच्या. पळसाला पाने तीनच, कुठेही जा. तळजाईवर जाऊन पळस गाठला, पानं मोजली. तीन. दुसरं झाड, तीन. खूश होऊन वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ती तीन पानं नव्हेतच. एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका." म्हणजे पळसाला पान एकच. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझा मित्र जगात कुठेही गेला तरी असंच बोलेल ना?" मी म्हटलं, हो. "मग पाने तीनच," ती म्हणाली.

एकादशीच्या घरी शिवरात्र ही दारिद्र्याची म्हण. आधीच एक उपास, त्यात दुसरा उपास पाहुणा. पण हल्लीचा उपास तुम्ही पाहिला आहे का? साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा चिवडा आणि वर श्रीखंड. आमच्या घरी एकादशीला शिवरात्र आलीच, तर ती राहायला थांबेल. म्हणूनच कोणीतरी एकादशी अन् दुप्पट खाशी ही दुसरी म्हण करून ठेवली. कोणतीही म्हण घ्या, तिच्याविरुद्ध साक्ष देणारी दुसरी म्हण सापडतेच. याला काही लोक म्हणींची विसंगती म्हणतात. मला ती सोय वाटते. न्यायाधीश एक असतो. वकील दोन्ही बाजूंना लागतात.

तपासणीत अव्वल ठरली ती दुष्काळात तेरावा महिना. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. हा फरक साठत जातो आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास पंचांगात एक जादा महिना घालावा लागतो. तोच अधिक महिना, धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, शक्यतो चांदीच्या भांड्यातून. 2023 साली श्रावण अधिक आला, आणि त्याच पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. अनारशांचं ताट माझ्यापुढे सरकवताना ते ठिपकणाऱ्या छताकडे बघून पुटपुटले, "दुष्काळात तेरावा महिना." मग माझ्याकडे लक्ष गेलं तसे घाईनं म्हणाले, "तुम्हाला नव्हे हो. म्हण आहे आपली." मी अनारसा खाल्ला. जाळी छान पडली होती.

आत्याची शाळा माझ्या सासरीही आहे हे तेव्हा कळलं.

आपल्या म्हणी गोळा करणाऱ्यांत साहेबही होते. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. शब्द शोधायला जावं तर त्या शब्दाच्या कुशीत म्हण बसलेली सापडते. पुढे 1899 साली रेव्हरंड मॅनवरिंग नावाच्या मिशनऱ्यानं मराठी म्हणींचं आख्खं पुस्तक इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून छापलं. मला त्या साहेबाचं राहून राहून कौतुक वाटतं. तो वही घेऊन बसलाय, समोर मंडळी बसलीत, एकेक जण म्हण सांगतोय आणि साहेब लिहून घेतोय. त्या मंडळींपैकी एकानं तरी साहेबाकडे बघूनच आयत्या बिळावर नागोबा सांगितली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साहेबानं थँक्यू म्हटलं असेल. सांगणाऱ्यानं मान लववून म्हटलं असेल, आम्ही नाही हो म्हणत साहेब.

पण जुने संग्रह चाळताना हात मध्येच थबकतो. अमक्या जातीचा माणूस असा, तमक्या जातीचा तसा. बाई म्हणजे अशी, विधवा समोर आली तर तसं. म्हणींच्या पेटाऱ्यात हेही भरपूर आहे. त्या वापरणारेही मी नाही म्हणत, जुनी माणसं म्हणतात, हेच म्हणतात. केर काढणाऱ्या सुनेच्या तोंडी ही पळवाट शोभते. ओसरीवर बसलेल्याच्या तोंडी नाही. आत्या पन्नाशीच्या आत एकटी झाली. मी तिला विचारलं, "त्यातली एखादी म्हण तू म्हणतेस का गं?" ती म्हणाली, "ती नाणी मी कधीच काढून टाकली. खोटी होती."

तर सायकल. आत्याला फिजिओथेरपीच्या मुलीनं व्यायाम दिला होता: पलंगावर उताणं पडायचं आणि हवेत सायकल चालवायची. आठवडाभर तिनं तो केला. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर ती नातीची ट्रॅकपँट घालून दारात उभी.

"मला सायकलवर बसायचंय," ती म्हणाली.

मी पुढच्या म्हणीची वाट पाहत राहिलो. ती आली नाही.

"तुझे बाबा शिकले ना सायकल, तेव्हा मागून कॅरिअर धरून मी पळायचे. सबंध उन्हाळा. शिकले तुझे बाबा, दमले मी. मला म्हणाले, मुली कुठे सायकल चालवतात."

मला यावर एक म्हण आठवली. पण तिच्यात कुणीतरी दळतं आणि पीठ खातं ते कुत्रं. इथे वडिलांचा प्रश्न होता. मी गप्प बसलो.

खाली पार्किंगमध्ये गेलो. सीट तळाशी आणली. आत्यानं सायकलभोवती एक फेरी मारली. "स्टँड कुठाय?"

"या सायकलींना स्टँड नसतो."

"घंटी?"

"ती वेगळी घ्यावी लागते."

"बारा आण्यांत घंटी नाही?"

मुलीनं हँडल धरलं, मी सीट. आत्या एकोणसत्तराव्या वर्षी हेल्मेट घालून सायकलवर बसली. पहिल्या दहा पावलांत तिनं तीनदा देवाचं आणि एकदा माझ्या वडिलांचं नाव घेतलं. मग पाय फिरायला लागले. मुलीनं हँडल सोडलं, मी सीट धरून मागे पळत होतो, आणि घंटी नसल्यामुळे आत्या तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत होती. दुसऱ्या फेरीत चेअरमन समोर आले. "अहो आजी, या वयात?"

या प्रसंगाला शोभतील अशा पाच-सात म्हणी मलासुद्धा सुचल्या. आत्याकडे तर गोण्या भरलेल्या होत्या. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाजूला व्हा."

चेअरमन झाले. तिसऱ्या फेरीअखेर मी खांबाला टेकून धापा टाकत होतो. शिकली आत्या, दमलो मी. आमच्या घराण्याचा तो हिशेब पन्नास-साठ वर्षांनी मिटला.

जानेवारीत आत्या वाईला परत गेली. सायकल माझ्याकडे राहिली. मोबाईलमध्ये ती चालवल्याची नोंद ठेवणारं एक अॅप आहे. ते अॅप फार सज्जन नाही. त्यानुसार आत्ता मार्चअखेर माझ्या एकूण फेऱ्या नऊ झाल्यात. आठ नाही, दहा नाही. शेवटची तेरा जानेवारीची. हेल्मेटमध्ये सध्या आम्ही कांदे ठेवतो. हवा चांगली खेळते.

परवा आत्याचा फोन आला. गुडघे बरे आहेत, कृष्णेला पाणी आहे, हळद शिजवायची गडबड आहे, सगळं सांगून झालं. मग तिनं विचारलं, "सायकल काय म्हणते?"

"बरी आहे," मी म्हटलं.

पलीकडे शांतता. मी वाट पाहिली. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी झाली. आत्या काहीच बोलेना. म्हण येत नाही म्हटल्यावर माझा धीर सुटला. कोणीतरी आपल्याला काही सुनवावं म्हणून इतकी वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"बरं बाई," मी शेवटी म्हणालो, "नव्याचे नऊ दिवस. झालं समाधान?"

"अरे," आत्या म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?"